आकड्याच्या डोक्यावरचं टिंब

हिराजीदादा वर्तमानपत्र उलटं वाचायचे. मंडईजवळच्या चहाच्या दुकानात कुणीतरी पेपर उघडून बसलेला असे. त्याच्या समोरच्या बाकावर हिराजीदादा बशीतला चहा फुंकत बसत आणि आपल्या बाजूने, म्हणजे अक्षरं डोक्यावर उभी असताना, बातम्या वाचून काढत. समोरच्याने पान उलटलं की म्हणत, "थांबा हो, माझा डावा कॉलम ऱ्हायलाय." नवीन माणूस दचकून पेपरच त्यांच्या हातात द्यायचा. मग ते तो पुन्हा उलटा करून धरत. सवयच तशी. भिवंडीतल्या एका छोट्या छापखान्यात ते जुळारी होते. शिशाचे खिळे एकेक करून उचलायचे, ओळीत उलटे लावायचे आणि उलटेच वाचून तपासायचे, हे काम त्यांनी वयाच्या सोळाव्या वर्षापासून केलं होतं. सरळ अक्षर त्यांना जरा परकंच वाटे.

माझी त्यांची ओळख भांडणातून झाली. ऐंशीच्या दशकाच्या मध्याची गोष्ट. मी नुकतीच इथल्या एका मराठी शाळेत गणित शिकवायला लागले होते आणि नववीच्या सहामाहीचा पहिला पेपर मी काढला होता. त्यात आवर्ती दशांश अपूर्णांकांवर एक प्रश्न होता. एकाला तिनाने भागलं की ०.३३३ असे तीन संपता संपत नाहीत. मग ते सगळे न लिहिता एकच तीन लिहायचा आणि त्याच्या डोक्यावर टिंब द्यायचं. टिंब म्हणजे 'हा आकडा असाच पुढे कायम येत राहणार' अशी खूण. व्यवहारी अपूर्णांकात लिहा म्हणून मी पाच संख्या दिल्या होत्या, टिंबांसकट, सुवाच्य अक्षरात. पेपर छापून आला आणि परीक्षा सुरू झाल्यावर मी तो हातात घेतला, तर पाचही टिंबं गायब. ०.३ म्हणजे सरळ तीन दशांश. मुलांनी तीन छेद दहा लिहिलं आणि ते छापल्याप्रमाणे अगदी बरोबर होतं. सगळ्या वर्गाला पैकीच्या पैकी गुण द्यावे लागले. मुख्याध्यापकांनी मला बोलावून शांतपणे विचारलं, "बाई, पेपर नववीचा होता की पाचवीचा?"

शाळा सुटल्यावर मी तडक छापखान्यात गेले. दोन्ही बाजूंना यंत्रमागांची खटखट, मधल्या गाळ्यात ट्रेडल मशीन आणि खिडकीशी उभा एक उंच, सावळा माणूस. बोटं शाईने काळी, कपाळाला मात्र ठळक गंध. मी माझा हस्तलिखित कागद त्यांच्यापुढे आपटला आणि विचारलं, "ही टिंबं कुठे गेली?"

त्यांनी कागद उजेडात धरला. "ही होय? ही मी काढली, बाई. मना वाटला माशी बसून गेली."

"पाच वेळा? बरोबर आकड्याच्या डोक्यावर?"

"मी पन त्योच इचार केला, माशी लय शिस्तीची हाय."

मी हसले नाही. खरं तर हसू आलं होतं, पण चोवीस वर्षांच्या नव्या बाईला ते परवडणारं नव्हतं. मी म्हटलं, तुम्हाला कळत नव्हतं तर जसं होतं तसं तरी छापायचं. यावर मात्र त्यांचा चेहरा गंभीर झाला. "न्हाय बाई. समजल्याबिगर मी खिळा उचलत न्हाय. चूक झाली ती इचारला न्हाय ही. आता सांगा, काय हाय ता."

मग एका रद्दी कागदावर मी एक भागिले तीन मांडलं. त्यांनी पेन्सिल माझ्या हातातून घेतली आणि स्वतःच भागाकार पुढे नेला. दहातून नऊ गेले, बाकी एक. पुन्हा दहा, पुन्हा नऊ, बाकी एक. पाच-सहा वेळा झाल्यावर त्यांचा हात थांबला. "म्हंजे बाकी एकच येत ऱ्हानार. हा थांबनारच न्हाय?"

"नाही."

"कधीच?"

"कधीच."

ते कागदाकडे बघत राहिले आणि एकदम खदखदून हसले. मशीनवरचा माणूस वळून बघायला लागला. "आन् येवढा न थांबनारा गडी तुमी एका टिंबात गप बसवला! कमाल केली!"

त्या खळखळून हसण्याने माझा राग कुठल्या कुठे गेला. इतकी वर्षं मी ते टिंब देत आले होते, पण त्यात कमाल वगैरे काही आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

आता खरी अडचण ही होती की छापखान्यात टिंब डोक्यावर असलेला आकडा नव्हताच. प्रत्येक खिळ्यावर एकच चिन्ह असतं. तिनाचा खिळा वेगळा, पूर्णविरामाचा वेगळा. हिराजीदादांनी सगळ्यात बारीक टायपातला पूर्णविराम शोधला, आकड्यांच्या ओळीवर आणखी एक रिकामी ओळ बसवली आणि त्या रिकाम्या ओळीत नेमका तिनाच्या वर तो पूर्णविराम कोंबला. दोन्ही बाजूंनी कागदाच्या चिंधोट्या घालून घट्ट केला. प्रूफ काढलं तर तिनाच्या डोक्यावर नाजूक, काळंभोर टिंब. मी "वा!" म्हटलं. ते म्हणाले, "टिंब हलला का अर्थ हलला. लेकराला झोळीत बांधल्यागत बांधला पायजे."

पुढच्या आठवड्यात पेपर द्यायच्या निमित्ताने मी गेले, तर हे वाटच बघत होते. तिनाचं झालं, आता दुसरा एखादा सांगा म्हणाले. मी एक भागिले सात सांगितलं. दोन दिवसांनी त्यांचा निरोप शाळेत आला, 'बाईंना म्हणावं येऊन जा.' मी गेले. त्यांनी ओळीत सहा खिळे लावून ठेवले होते, १४२८५७. म्हणाले, "हा सहा आकड्यांनी परततो. बरोबर? आता दोन भागिले सात बघा." त्यांनी पुढचे दोन खिळे, एक आणि चार, चिमटीत उचलले आणि शेवटी नेऊन लावले. २८५७१४. "तीन भागिले सातला नुसता एक उचलायचा, चार भागिले सातला चार. खिळे त्येच, बाई! एक पन नवा लागत न्हाय. निसते फिरवायचे." वर्गात फळ्यावर मी हे कितीदा तरी लिहिलं असेल. पण आकडे उचलून फिरवताना मी ते पहिल्यांदा बघितलं. दुसऱ्या दिवशी मी पुठ्ठ्याचे सहा चौकोन कापून वर्गात नेले.

हिराजीदादा अंजूरचे. खाडीकाठी त्यांची थोडी भातशेती होती, ती भाऊ बघायचा. शाळा सातवीतून सुटली. पण भिवंडीतल्या निम्म्या शाळांचे पेपर त्यांच्या हातून जात, त्यामुळे इतिहासापासून शरीरशास्त्रापर्यंत सगळे प्रश्न त्यांना पाठ होते. "मना फकस्त प्रश्न येतात," असं म्हणत. "उत्तरं कुनी छापायला देत न्हाय."

मधल्या काळात पाठ्यपुस्तक बदललं आणि शाळेत टिंब की रेघ असा वाद सुरू झाला. एकच आकडा परत परत येत असेल तर टिंब ठीक, पण १४२८५७ सारखा गट असेल तर काय करायचं? आम्ही जुन्या पद्धतीने गटाच्या पहिल्या आणि शेवटच्या आकड्यावर टिंब देत होतो. नव्या पुस्तकात संपूर्ण गटाच्या डोक्यावर आडवी रेघ होती. आमच्याकडचे ज्येष्ठ कुलकर्णी सर रेघेचे, मी टिंबांची. दोघांचे पेपर हिराजीदादांकडेच जायचे. सरांसाठी ते पितळी पट्टी कानशीने घासून अचूक सहा आकड्यांच्या मापाची करत. मी एकदा त्यांना विचारलं, तुमचं मत काय? त्यांनी जुळवता जुळवता निवाडा दिला. "रेघ म्हंजे छप्पर. खाली कोन कोन हाय ता दिसतो, पोरं चुकत न्हायत. टिंबं म्हंजे दोन टोकाचे दोन पहारेकरी. मधले आपोआप गप ऱ्हातात. काम कमी, पन वाचनारा हुशार पायजे." कुणीतरी सांगितलं की बाहेरच्या देशात काही ठिकाणी तो गट कंसात लिहितात. त्यांनी लगेच कंसात लावून बघितला आणि मान हलवली. "कोंडल्यासारखा वाटतो." आणि ०.३३३ लिहून पुढे नुसती तीन टिंबं टाकायची पद्धत तर त्यांना मुळीच खपत नसे. "ह्यो कामचुकारपना हाय. फुडं काय येनार ता सांगायचा सोडून निसता 'वगैरे वगैरे'!"

नव्वदीच्या सुरुवातीला छापखान्याच्या मालकांनी संगणक घ्यायचं ठरवलं. शिशाचे खिळे जाणार हे उघड होतं. हिराजीदादा तेव्हा पंचेचाळिशीचे. एक दिवस ते घरी आले, दारातच उभे राहिले. राहनाळला एका गोदामात माल मोजून नोंदवायला माणूस हवा होता, पण दहावी पास ही अट होती. ते चपलेच्या अंगठ्याशी चाळा करत म्हणाले, "सतरा नंबरचा फॉर्म भरू काय, बाई? हसू नका."

मी हसले नाही. बाहेरून दहावीला बसणाऱ्यांचा तो फॉर्म मीच शाळेतून आणून दिला. वर्षभर ते कामावरून सुटले की संध्याकाळी आमच्याकडे यायचे. माझी मुलगी अश्विनी तेव्हा चौथीत होती. ती आणि ते एकाच सतरंजीवर अभ्यासाला बसत. अश्विनी त्यांचं शुद्धलेखन तपासायची आणि निर्दयपणे लाल खुणा करायची. एकदा त्यांची बायको, सुमनवहिनी, अंजूरहून खास तक्रार घेऊन आल्या. "बाई, ह्यांना जरा रागं भरा. झोपंत पन बोलतात. काल मना उठवून इचारतात कसं, बाकी किती ऱ्हायली?"

सराव परीक्षा आमच्याच शाळेत होती आणि पेपर छापायचे होते त्याच छापखान्यात. गणिताचा पेपर मी नेऊन दिला तेव्हा हिराजीदादांनी हात मागे घेतले. "ह्यो मी बघनार न्हाय. मी परीक्षेला बसलोय." मालक म्हणाले, "अरे, सरावच आहे." पण ते ऐकेनात. शेवटी दुसऱ्या एका जुळाऱ्याने तो लावला. प्रूफ मी स्वतः वाचलं, अगदी बरोबर होतं.

परीक्षेच्या दिवशी मी शिक्षक खोलीत बसले होते. अर्धा तास होतो न होतो तोच शिपाई धावत आला. "बाई, चला. सात नंबरच्या वर्गात त्ये मोठे विद्यार्थी उभे ऱ्हायलेत. बसतच न्हायत."

मी गेले. पर्यवेक्षणाला आमच्या मराठीच्या बाई होत्या, त्या चिडल्या होत्या. "अहो, उत्तर येत नसेल तर प्रश्न सोडा म्हणतेय मी त्यांना."

हिराजीदादा शेवटच्या बाकाशी ताठ उभे होते. बाक इतका लहान की बसल्यावर त्यांचे गुडघे बाहेर येत. ते म्हणाले, "उत्तर येतोय, म्हनून तर उभा हाय."

"काय झालं?" मी विचारलं.

"तिसऱ्या प्रश्नात टिंब सरकला, बाई."

मी पेपर बघितला. नववीतला भाग उजळणी म्हणून मी मुद्दाम घातला होता. एक षष्ठांश म्हणजे ०.१६ आणि टिंब फक्त सहावर, कारण एक एकदाच येतो आणि परततात ते सहा. ते सिद्ध करायचं होतं. पण छापताना मशीनच्या धक्क्याने टिंब सहावरून घसरून एकावर जाऊन बसलं होतं. असलं काही सिद्धच होणार नव्हतं. दुसऱ्या रांगेतली एक मुलगी त्यावर पानभर खाडाखोड करून रडवेली झाली होती.

"टिंब कुठे हवं होतं?" मी सवयीने त्यांनाच विचारलं.

त्यांनी डोळे मोठे केले. "ता तुमी बघा! मी बोललो तर सगळ्या वर्गाला उत्तर फुटंल."

वर्गात हशा पिकला. मराठीच्या बाईही हसल्या. मी सगळ्या वर्गांत जाऊन फळ्यावर संख्या दुरुस्त करून दिली आणि मुलांना दहा मिनिटं वाढवून दिली. पेपर सुटल्यावर हिराजीदादा फाटकाशी माझी वाट बघत थांबले होते. एवढ्या मुलांचा त्रास वाचवला म्हणून मी त्यांचे आभार मानले, पण ते खूश नव्हते. "मी लावला असता तर सरकला नसता," ते म्हणाले. थोडं चालल्यावर पुन्हा म्हणाले, "पन मी लावला असता तर बसलो कसा असतो?" हा पेच त्यांना दोन-तीन दिवस पुरला. त्याच संध्याकाळी त्यांनी त्या दुसऱ्या जुळाऱ्याला जवळ बसवून चिंधोटी कशी घालायची ते दाखवलं, असं मालकांकडून कळलं. एक शब्दही रागाचा नव्हता म्हणे.

जूनमध्ये निकाल लागला. हिराजीदादा ताडगोळ्यांनी भरलेली पिशवी घेऊन आले आणि गुणपत्रिका आधी अश्विनीच्या हातात दिली. गणितात दीडशेपैकी एकशे चार. इंग्रजीत काठावर पस्तीस. तीस वर्षं इंग्रजी खिळे लावणाऱ्या माणसाला पस्तीसच कसे, असं माझ्या यजमानांनी चेष्टेने विचारलं. "पेपर सरळ छापलेला होता ना," ते म्हणाले. "उलटा दिला असता तर सत्तर काढले असते." सुमनवहिनी पदराने डोळे पुसत होत्या आणि हसतही होत्या. अश्विनीने गुणपत्रिकेच्या झेरॉक्सवर लाल पेनने 'छान' असा शेरा मारला. ती झेरॉक्स त्यांनी घरात देवांच्या फळीखाली लावली होती, हे मी नंतर पाहिलं.

राहनाळची नोकरी त्यांना लागली. खोकी कशीही पडलेली असोत, आडवी, उलटी, त्यांच्यावरची नावं ते लांबूनच वाचत. बाकीची मंडळी मान वाकडी करून वाचेपर्यंत यांची नोंद झालेली असे. तिथली हिंदी बोलणारी माणसं त्यांना 'मास्टरजी' म्हणायची. हे सांगताना ते लाजायचे आणि दर वेळी सांगायचे.

हिराजीदादा गेले ते नव्वदीच्या शेवटाला, एका थंडीत, अंजूरच्या घरी. चार दिवसांचा ताप निमित्त झाला. मी जाऊन आले. पण त्यांची आठवण निघाली की मला तो दिवस आठवत नाही. त्याच्या आदल्या वर्षीचा एक रविवार आठवतो.

त्या दिवशी सकाळी ते रिक्षाने आले ते बगलेत कागदाची मोठी गुंडाळी घेऊनच. गोदामातल्या पाठकोऱ्या चिठ्ठ्या एकापुढे एक चिकटवल्या होत्या. मी कधीतरी बोलता बोलता म्हणाले होते की एक भागिले सत्त्याण्णव फार लांबवर जातं. त्यांनी ते मनावर घेतलं होतं. जेवणाच्या सुट्टीत रोज थोडा थोडा भागाकार करत त्यांनी दोन महिने काढले होते. "सापडला, बाई! एक्क्याण्णव आकड्यांनी परत आला."

मला फार जिवावर आलं, पण खोटं बोलणं शक्य नव्हतं. मी म्हटलं, "दादा, ते शहाण्णव तरी असायला हवेत, नाहीतर शहाण्णवला पूर्ण भाग जाईल अशी संख्या हवी. एक्क्याण्णव असूच शकत नाही. कुठेतरी चूक आहे."

मला वाटलं ते खट्टू होतील. त्यांनी पैरणीच्या बाह्या सारल्या. "मंग काढू शोधून. आज सुट्टीच हाय."

गुंडाळी आम्ही दिवाणखान्यात जमिनीवर पसरली. ती दारातून बाहेर व्हरांड्यात गेली. यजमानांनी चष्मा लावून सत्त्याण्णवचा पाढा लिहून दिला, अश्विनी आकडे मोठ्याने वाचू लागली, मी वजाबाक्या तपासत होते आणि हिराजीदादा गुडघ्यांवर रांगत पुढे सरकत होते. एकतिसाव्या आकड्याशी आम्ही थांबलो. साडेआठशेतून सातशे शहात्तर गेले. बाकी चौऱ्याहत्तर. कागदावर चौसष्ट होती.

"बोंबला," अश्विनी म्हणाली. "म्हणजे पुढचं सगळं चुकलं?"

हिराजीदादांनी एका कोऱ्या चिठ्ठीवर चौऱ्याहत्तरपासून भागाकार सुरू केला. सात, बाकी एकसष्ट. सहा, बाकी अठ्ठावीस. दोन, बाकी शहाऐंशी. आठ, बाकी चौऱ्याऐंशी. पुन्हा आठ. आणि बाकी चौसष्ट.

आम्ही चौघेही ती चौसष्ट बघत राहिलो. चुकून लिहिलेली बाकी पाच पावलं पुढे खरोखरच येत होती. म्हणजे त्यापुढचे सगळे आकडे बरोबर होते.

"पाच खिळे गळले होते!" हिराजीदादा ओरडले. "निसते पाच खिळे! बाकी सगळा जागच्या जागी हाय!" ते उठून उभे राहिले, पुन्हा बसले, मला हसता हसता नमस्कार केला, यजमानांना टाळी दिली. अश्विनीने कात्री आणली. त्यांनी एकतिसाव्या आकड्यानंतर कागद सरळ कापला, मध्ये पाच आकड्यांचा तुकडा खळीने चिकटवला आणि तळहाताने दाबून धरला. एक्क्याण्णव अधिक पाच. शहाण्णव.

जेवणं झाली, चहा झाला. निघताना त्यांनी माझ्याकडे लाल पेन मागितलं. एका टोकाच्या शून्यावर टिंब दिलं, मग चालत व्हरांड्यात गेले आणि दुसऱ्या टोकाच्या सातावर दिलं. तिथूनच मला हाक मारून म्हणाले, "चला, हितून आता परत पयल्यापासून. मी निघतो, बाई. उद्या सकाळची शिफ्ट हाय."